चांगुलपणाची व्याख्या निसर्गात सापडते का?

‘हा दगड चार किलोचा आहे’ हे वाक्य काट्यावर तपासता येते. ‘या गोळीने ताप उतरतो’ हे थर्मामीटर लावून तपासता येते. ‘अडलेल्या माणसाला फसवणे वाईट’ हे वाक्य कशावर तपासायचे? काही तत्त्वज्ञ म्हणतात, तेही शेवटी वस्तुस्थितीवरच तपासायचे, कारण चांगुलपणा हा एक नैसर्गिक गुणधर्मच आहे: सुख, गरजा भागणे, समाज टिकून राहणे, असे काहीतरी. या मताला नीतिशास्त्रात निसर्गवाद म्हणतात. इथे ‘नैसर्गिक’ म्हणजे झाडे-डोंगर नव्हेत. निरीक्षणाने, प्रयोगाने, मानसशास्त्र किंवा अर्थशास्त्रासारख्या विद्यांनी जे कळू शकते ते सगळे नैसर्गिक. आयकर खात्याची नोटीससुद्धा या अर्थाने नैसर्गिकच.

एकोणिसाव्या शतकात हे मत जोरात होते. जेरेमी बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाने त्याआधीच, १७८९ साली, सुख-दुःखाच्या हिशेबावर नीती उभी केली, जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ मध्ये तिला डागडुजी केली, आणि हर्बर्ट स्पेन्सरने तिची सांगड उत्क्रांतीशी घातली: उत्क्रांतीच्या ओघात जी वागणूक अधिक विकसित, ती अधिक चांगली. हा वारा पुण्यापर्यंतही पोचला होता. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढणारे आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून तयार झालेले. पुढे टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) ‘आधिभौतिक सुखवाद’ असे वेगळे प्रकरणच घालून या विचाराची झडती घेतली.

त्याआधी, १९०३ साली, केंब्रिजमध्ये जी. ई. मूर (१८७३–१९५८) या तिशीच्या उंबरठ्यावरच्या तत्त्वज्ञाने ‘प्रिन्सिपिया एथिका’ प्रसिद्ध केले होते. त्यातली एक छोटी कसोटी नंतरच्या शंभर वर्षांच्या वादाचा केंद्रबिंदू ठरली. तिला ‘खुल्या प्रश्नाचा युक्तिवाद’ म्हणतात.

ती अशी चालते. आधी समोरच्याची व्याख्या नीट मांडून घ्यायची: ‘चांगले म्हणजे क्ष.’ मग जिच्यात क्ष निःसंशय आहे अशी एखादी गोष्ट घ्यायची आणि विचारायचे: ‘हिच्यात क्ष आहे हे कबूल, पण ही चांगली आहे का?’ आता हा प्रश्न कसा वाटतो ते पाहायचे. ‘हा माझा मावसभाऊ आहे हे कबूल, पण हा माझ्या मावशीचा मुलगा आहे का?’ असे कोणी विचारले, तर त्याला एक तर मराठी येत नाही किंवा तो चेष्टा करतो आहे. हा प्रश्न बंद आहे, शब्दाच्या अर्थानेच त्याचे उत्तर दिलेले आहे. व्याख्या बरोबर असली की प्रश्न असा बंद व्हायला हवा. तो खुला राहिला, म्हणजे शहाण्या माणसालाही त्यावर विचार करावासा वाटला, तर मूर म्हणतो ‘क्ष’ आणि ‘चांगले’ हे एकच नव्हेत.

सुखापासून सुरुवात करू. ‘चांगले म्हणजे सुखद.’ दुसऱ्याची फजिती पाहून मिळणारे सुख हे सुख आहे, यात शंका नाही. ते चांगले आहे का? प्रश्न उघडा. कोणी म्हणेल हो, थोडे तरी चांगले. कोणी म्हणेल अजिबात नाही. पण हा प्रश्न विचारणाऱ्याला मराठी येत नाही, असे कोणी म्हणणार नाही.

‘चांगले म्हणजे समाजाला मान्य असलेले’ ही व्याख्या चहाच्या टपरीपासून परिसंवादापर्यंत सगळीकडे ऐकू येते, म्हणून तिच्यावर जरा थांबू. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. तेव्हाच्या पुण्याला ती मान्य नव्हती, हा इतिहास आहे. व्याख्या बरोबर असेल तर ती शाळा १८४८ मध्ये वाईट होती आणि समाजाचे मत पालटले तेव्हा, केव्हातरी, चांगली झाली. याहून मोठी अडचण पुढे आहे. त्या काळी जोतिराव ‘समाज म्हणतो हे वाईट, पण समाज चुकतो आहे’ असे म्हणाले असते, तर या व्याख्येनुसार ते वाक्य चूकच नव्हे, तर ‘हा माझा मावसभाऊ आहे, पण माझ्या मावशीचा मुलगा नाही’ या तऱ्हेचे निरर्थक ठरते. जगातला प्रत्येक सुधारक व्याकरणातच चुकलेला निघतो. एवढी किंमत देऊन ही व्याख्या कोणी विकत घेऊ नये.

स्पेन्सरचीही तीच गत. एखादी वागणूक उत्क्रांतीत टिकली, तिने संतती वाढवली, हे सिद्ध करता येईल. ती चांगली का, हा प्रश्न तरीही जिथल्या तिथे.

मूरने हे सारे उघड्या डोळ्यांनी एका टोकाला नेले. त्याच्या मते चांगुलपणा हा साधा गुण आहे, त्याचे भाग पाडता येत नाहीत. घोड्याची व्याख्या करता येते, कारण घोड्याला भाग असतात. पिवळ्या रंगाची करता येत नाही. कोणत्या प्रकाशलहरींमुळे पिवळे दिसते हे भौतिकशास्त्र सांगेल, पण आपल्याला दिसतो तो पिवळेपणा म्हणजे त्या लहरी नव्हेत. तसाच चांगुलपणा, फरक इतकाच की तो डोळ्यांना दिसत नाही. आणि जो कोणी त्याला एखाद्या दुसऱ्या गुणाशी एकरूप ठरवतो, तो ‘नैसर्गिक तर्कदोष’ करतो. नाव फसवे आहे, कारण ‘चांगले म्हणजे ईश्वराची इच्छा’ असे म्हणणाऱ्यावरही मूर हाच आरोप ठेवतो, आणि ईश्वराची इच्छा काही प्रयोगशाळेत मोजता येत नाही.

कसोटी वापरताना लोक हमखास कुठे घसरतात तेही पाहू. पहिली घसरण व्याख्येत माल लपवण्याची. ‘चांगले म्हणजे विवेकी माणसाला हवेसे वाटणारे’ असे कोणी म्हटले की प्रश्न बंद झाल्यासारखा वाटतो, आणि निसर्गवादी खूश होतो. पण ‘विवेकी’ म्हणजे कोण? जो योग्य गोष्टींची इच्छा करतो तो? मग चांगुलपणा मागच्या दाराने आत आला, व्याख्या गोल फिरली. ‘निरोगी समाज’, ‘खरे सुख’, ‘योग्य विकास’ या साऱ्यांत हेच होते. म्हणून कसोटी लावण्याआधी क्ष मधले प्रत्येक विशेषण उचकटून पाहावे: हे मोजता येते का, की यातच निवाडा दडलेला आहे? विवेकी म्हणजे ‘ज्याला सगळी संबंधित माहिती आहे आणि जो तर्कात चुकत नाही’ असे शुद्ध वर्णन दिले, तर व्याख्या नैसर्गिक झाली खरी. पण प्रश्नही पुन्हा उघडला. सगळी माहिती असलेला, तर्कात पक्का असा खलनायक कल्पनेत सहज उभा राहतो.

दुसरी घसरण तीन वेगवेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरण्याची. ‘अमुक निसर्गात असते म्हणून ते चांगले’ हा एक ढोबळ चुकीचा तर्क आहे. सापाचे विषही निसर्गातच असते. मूरचा मुद्दा त्याहून वेगळा, कारण तो व्याख्येबद्दल आहे. आणि डेव्हिड ह्यूमने १७३९-४० च्या ग्रंथात मांडलेला मुद्दा तिसराच, तो अनुमानाबद्दल आहे: नुसत्या ‘आहे’ च्या विधानांतून ‘असावे’ चे विधान निघत नाही, मध्ये एखादे ‘असावे’ चे विधान घालावेच लागते. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याचा वाद आठवावा. शरीरसंबंधांसाठी मुलींच्या वयाची किमान मर्यादा १० वरून १२ करायची होती. कोवळ्या वयातल्या संबंधांनी मुलींच्या शरीराला इजा होते, ही वस्तुस्थिती कायद्याच्या बाजूने मांडली गेली. टिळकांचा मुख्य आक्षेप त्या वस्तुस्थितीवर नव्हता; परकीय सरकारने आपल्या धर्माचारात हात घालू नये, हा होता. डॉक्टरांचे आणखी शंभर दाखले आणले असते तरी तेवढ्याने वाद मिटला नसता. ‘मुलीच्या शरीराची इजा टाळणे हे धर्माचाराच्या स्वायत्ततेहून वरचढ’ हे जे मधले विधान हवे होते, ते दाखल्यात लिहिलेले नसते. आमच्या मते ते विधान खरे होते आणि कायद्याला पाठिंबा देणाऱ्या आगरकरांची बाजू बरोबर होती, पण ते वेगळे.

आता कसोटीचीच कसोटी. विल्यम फ्रँकेनाने १९३९ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात सरळ बोट ठेवले: सुख आणि चांगुलपणा दोन वेगळे गुण आहेत हे सिद्ध झाल्याशिवाय त्यांना एक मानणाऱ्यावर ‘तर्कदोष’ लावता येत नाही, आणि ते वेगळे आहेत की नाहीत, हाच तर वाद आहे. मूर निकाल आधी लावतो आणि खटला नंतर चालवतो. सुखवादी म्हणेल, ‘मला तर हा प्रश्न बंदच वाटतो. तुम्हाला खुला वाटतो, कारण शब्दाचा अर्थ तुमच्या नीट ध्यानात आलेला नाही.’

पुढे १९४२ मध्ये सी. एच. लँगफर्डने आणखी एक पेच पुढे केला. बांगडी गोल आहे हे पोरालाही कळते. पण वर्तुळ म्हणजे ‘एका प्रतलात, एका बिंदूपासून समान अंतरावर असलेल्या सर्व बिंदूंचा संच’ हे पहिल्यांदा ऐकणारा विद्यार्थी दचकतो, शंका घेतो, कागदावर काढून पाहतो. प्रश्न त्याच्यापुरता खुला आहे, तरी व्याख्या शंभर टक्के बरोबर आहे. प्रश्न खुला वाटला की व्याख्या चूक, हा नियम पाळायचा तर जिच्यातून काही नवे कळते अशी प्रत्येक व्याख्या चूक ठरेल आणि उरतील फक्त मावसभाऊ.

खरा घाव मात्र १९७० च्या दशकात बसला, आणि तो नीतिशास्त्राबाहेरून आला. सॉल क्रिपकेची १९७० सालची व्याख्याने आणि हिलरी पटनमचा १९७५ चा निबंध, या दोहोंनी एक जुनी समजूत मोडली: दोन शब्दांचे अर्थ वेगळे असले म्हणजे ते दाखवतात त्या गोष्टीही वेगळ्या, ही ती समजूत. पाणी म्हणजे एचटूओ. पण ‘पाणी’ या शब्दाचा अर्थ एचटूओ नव्हे. रसायनशास्त्र जन्मण्याच्या हजारो वर्षे आधीपासून लोक पाणी मागत होते, पाजत होते, पाण्यावरून भांडत होते. सतराव्या शतकातल्या एखाद्या विद्वानाला ‘हा द्रव हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा बनलेला आहे हे कबूल, पण हे पाणी आहे का?’ असा प्रश्न पूर्णपणे खुला वाटला असता. तरीही पाणी म्हणजे तेच. प्रश्न खुला राहण्यावरून शब्दांचे अर्थ वेगळे आहेत एवढेच कळते. वस्तू वेगळ्या आहेत हे कळत नाही.

इथे ‘व्याख्या करता येते का’ या प्रश्नाचे दोन तुकडे पडतात, आणि ते वेगळे ठेवले नाहीत तर सगळी चर्चा फुकट जाते. ‘चांगले’ या शब्दाचा अर्थ नैसर्गिक शब्दांत सांगता येतो का? मूर म्हणतो नाही, आणि इथे तो बहुधा बरोबर आहे. चांगुलपणा हा गुण एखाद्या नैसर्गिक गुणाशी एकरूप आहे का? याबद्दल मूरची कसोटी काहीच सांगत नाही.

या फटीतून १९८० च्या दशकात नवे निसर्गवादी आत शिरले. त्यांच्यापैकी काहींचा संबंध अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाशी होता, म्हणून त्यांना ‘कॉर्नेल वास्तववादी’ म्हणतात: रिचर्ड बॉइड, निकोलस स्टर्जन, डेव्हिड ब्रिंक. बॉइडचे म्हणणे थोडक्यात असे. ‘आरोग्य’ हा एक गुण नाही, गुणांचा जुडगा आहे: भूक लागणे, झोप येणे, जखम भरून येणे, ताकद टिकणे. हे गुण एकमेकांना सांभाळून असतात. एक ढासळला की बाकीचे डळमळतात. आरोग्याची एका ओळीत व्याख्या होत नाही, म्हणून ते निसर्गाबाहेरचे ठरत नाही. चांगुलपणाही तसाच: प्रेम, सहकार्य, करमणूक, शारीरिक गरजा, स्वायत्तता अशा मानवी गरजा भागवणाऱ्या आणि एकमेकांना आधार देणाऱ्या गोष्टींचा जुडगा. कोणत्या गोष्टी त्यात बसतात हे शब्दकोश सांगणार नाही, अनुभव सांगेल.

असा गुण खरोखर आहे याला पुरावा काय? गिल्बर्ट हार्मनने १९७७ मध्ये शंका काढली होती: काही पोरे मांजराला पेटवताना दिसली आणि ‘हे वाईट आहे’ असे तुम्हाला वाटले, तर तसे का वाटले हे समजायला तुमची जडणघडण पुरते, ‘वाइटपणा’ नावाचे काही तिथे असायची गरज नाही. स्टर्जनचे उत्तर: हिटलरने जे केले ते का केले, याच्या स्पष्टीकरणात त्याचा दुष्टपणा येतोच. तो दुष्ट नसता तर त्याने ते केले नसते. जे काढून टाकल्यावर स्पष्टीकरण लंगडे पडते, ते जगात आहे असे आपण विज्ञानातही मानतो. उत्तर तोलामोलाचे आहे, पण हार्मनचा माणूस म्हणेल, ‘दुष्टपणा’ऐवजी द्वेष, सत्तालालसा, क्रौर्य असे मानसशास्त्रीय शब्द घाला, स्पष्टीकरण तसेच चालते.

निसर्गवाद्यांच्या वाटेतली सगळ्यात अवघड धोंड टेरेन्स होर्गन आणि मार्क टिमन्स यांनी १९९१ मध्ये ठेवली. पटनमने एक जुळी पृथ्वी कल्पिली होती. तिथे नद्यांत वाहणारा, तहान भागवणारा द्रव एचटूओ नसून भलताच काही आहे, आणि तिथले लोक त्यालाच ‘पाणी’ म्हणतात. ते आणि आपण भेटलो तर वाद होत नाही; त्यांचा शब्द वेगळ्या वस्तूचा, आपला वेगळ्या, एवढे कळले की विषय मिटतो. आता हेच ‘चांगले’ वर करून पाहू. समजा, आपला ‘चांगले’ हा शब्द शेवटी परिणामांशी बांधलेला आहे: ज्याने सर्वांचे हित वाढते ते. जुळ्या पृथ्वीवरच्या लोकांचा स्वभाव थोडा निराळा आणि त्यांचा ‘चांगले’ हा शब्द कर्तव्याच्या नियमांशी बांधलेला: दिलेला शब्द पाळणे, खोटे न बोलणे, परिणाम काहीही होवोत. दोघे भेटले. एक खोटे बोलून पाच जणांचे प्राण वाचतात. आपण म्हणतो बोलावे, ते म्हणतात बोलू नये. ‘तुमचा शब्द वेगळा, आमचा वेगळा’ म्हणून हा विषय मिटतो का? मिटत नाही. आपल्याला हा खराखुरा मतभेद वाटतो, दोघेही एकाच गोष्टीबद्दल भांडत आहेत असे वाटते. म्हणजे ‘चांगले’ हा शब्द ‘पाणी’ सारखा एखाद्या नैसर्गिक गुणाला चिकटलेला नाही. काय करावे हा प्रश्न सोडवण्याचे त्याचे काम त्या चिकटण्याहून पक्के आहे. मूरच्या प्रश्नाला जी धार होती ती इथे परत येते, आणि आमच्या मते निसर्गवाद्यांकडे तिचे पूर्ण उत्तर अजून नाही.

ही धार कशाची, यावर एक जुने उत्तरही आहे. एअर (१९३६), स्टीव्हन्सन (१९३७) आणि वेगळ्या वाटेने हेअर (१९५२) यांनी म्हटले, ‘चांगले’ हा शब्द मुळात वर्णन करतच नाही; तो पसंती दाखवतो, शिफारस करतो. म्हणून कितीही वर्णन दिले तरी ‘पण मी याची शिफारस करू का?’ हा प्रश्न उरतोच. खुलासा छान, पण त्याने चांगुलपणाबद्दल कोणी चुकू शकतो ही गोष्ट सांभाळायला फार कसरत करावी लागते.

निसर्गवाद्यांच्या हातात एक भक्कम पत्ता मात्र आहे, आणि तो मूरलाही मान्य होता. ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादम मजुरांना उचल देतात. समजा दोन मुकादम आहेत. उचलीची रक्कम तीच, दर तोच, कापण्याची पद्धत तीच, मजुरांची अडचण तीच, हिशेब दाखवण्याची रीत तीच, मनातला हेतूही तोच. आता कोणी म्हटले, ‘सगळे अगदी सारखे, पण पहिला न्यायाने वागतो आणि दुसरा पिळवणूक करतो’, तर आपण विचारणारच: फरक कुठे आहे ते दाखव. दाखवता आला नाही तर वाक्य कोसळते. वस्तुस्थिती तंतोतंत सारखी असताना नैतिक निवाडा बदलू शकत नाही. चांगुलपणा निसर्गाहून स्वतंत्र असेल तर तो असा घट्ट बांधलेला का? फ्रँक जॅक्सनने १९९८ मध्ये यावरून पुढची उडी मारली: जे दोन गुण कोणत्याही शक्य जगात नेहमी बरोबरच असतात, ते दोन नव्हेतच, एकच. उडी थोडी लांबच पडली. तीन समान बाजूंचा त्रिकोण आणि तीन समान कोनांचा त्रिकोण कुठल्याही जगात बरोबरच सापडतील, तरी बाजू सारख्या असणे आणि कोन सारखे असणे या दोन गोष्टी आहेत असे म्हणायला जागा उरते.

फिलिपा फूट यांनी २००१ मध्ये वेगळाच रस्ता धरला: ओकच्या झाडाची चांगली मुळे कोणती हे त्या झाडाच्या जगण्याच्या रीतीवरून ठरते, तसे माणसाचा चांगला स्वभाव माणसाच्या जगण्याच्या रीतीवरून. आकर्षक आहे, पण माणसांत टोळ्या करून दुसऱ्यांना लुबाडणे हीही एक जुनी, यशस्वी रीत आहे. त्यातली कोणती धरायची आणि कोणती सोडायची हे नुसती रीत पाहून ठरत नाही.

हे सगळे कागदावरचे वाटत असेल तर एक आकडा पाहा. २०१२ पासून निघणाऱ्या जागतिक आनंद अहवालात लोकांना एक शिडी कल्पायला सांगतात. खालची पायरी ०, वरची १०. तुमच्या दृष्टीने सर्वांत चांगले आयुष्य वर, सर्वांत वाईट खाली. तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? मोजमाप म्हणून हे उपयोगी आहे. पण धोरण ठरवणारा जेव्हा ‘चांगले जीवन म्हणजे शिडीवरचा वरचा आकडा’ असे धरून चालतो, तेव्हा मोजमापाची व्याख्या होते, आणि तिला मूरचा प्रश्न विचारावाच लागतो. अमर्त्य सेन यांनी या जागी एक नेमकी अडचण वारंवार दाखवली आहे: दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसे आपल्या इच्छा परिस्थितीइतक्या लहान करून घेतात. बीडहून दर हंगामात कोयता घेऊन बाहेर पडणारी, पाचट आणि मोळ्यांमध्ये दिवस काढणारी एखादी बाई शिडीवर ७ सांगेल, कारण तिने याहून जास्त कधी मागितलेच नाही. ७ हा खरा आकडा आहे, तिने खोटे सांगितलेले नाही. तिचे चांगले चालले आहे का, हा प्रश्न तरी उघडाच.

सेन यांनी आकड्याऐवजी माणसाला प्रत्यक्षात काय करता येते आणि काय होता येते ते पाहायला सांगितले: तिला दवाखान्यात जाता येते का, पोरांना शाळेत ठेवता येते का, काम नाकारता येते का. याही नैसर्गिक, तपासता येणाऱ्याच गोष्टी. मार्था नुसबॉम यांनी २००० साली अशा क्षमतांची दहा कलमी यादी दिली. सेन यांनी पक्की यादी द्यायचे टाळले. कोणत्या क्षमता मोजायच्या आणि कोणतीला किती वजन द्यायचे, हे ज्या त्या समाजाने उघड चर्चेत ठरवावे, असे त्यांचे म्हणणे आहे.